जर्मनीतल्या वृद्धसेवेत नर्सच्या हातात किती पडतात?

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. सुरुवातीला दहा हजार जण पाठवायचे, असं जाहीर झालं. यादीत इलेक्ट्रिशियन होते, प्लंबर होते, ड्रायव्हर होते आणि नर्सही होत्या. मग जर्मन शिकवणाऱ्या क्लासेसचे फलक लागायला वेळ लागला नाही. नर्सिंग झालेल्या मुलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘जर्मनीत महिना साडेतीन लाख’ अशा जाहिराती फिरायला लागल्या आणि घरोघरी वाद सुरू झाले. आई म्हणते, म्हाताऱ्यांची सेवा करायला एवढ्या लांब कशाला? बाबा म्हणतात, साडेतीन लाख म्हणजे काय थोडे झाले?

साडेतीन लाखांचा आकडा थाप नाही. पण तो कोणाला, कधीपासून आणि कापून किती, हे जाहिरातीत नसतं. नोकरी मिळण्याची काळजी या क्षेत्रात फारशी नाही. मिळेल ती कोणत्या पायरीवर, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, म्हणून पायऱ्यांपासूनच सुरुवात करू.

## तीन पायऱ्या

दीर्घकालीन काळजी म्हणजे ज्यांना बरं करून घरी पाठवायचं नाही, तर आहे त्या अवस्थेत नीट जगवायचं आहे, अशा माणसांची सेवा. पक्षाघात झालेले, स्मृतिभ्रंश झालेले, किंवा नुसतेच नव्वदी ओलांडलेले. ही सेवा वृद्धनिवासात होते, तशी घरीही होते.

त्यात काम करणारे तीन प्रकारचे. पहिला मदतनीस, ज्याचं प्रशिक्षण झालेलं नसतं किंवा अगदी थोडं झालेलं असतं. दुसरा वर्ष-दीड वर्षाचा कोर्स केलेला प्रशिक्षित मदतनीस. तिसरी तीन वर्षं शिकलेली पात्र नर्स. तिला तिथे ‘फ्लेगेफाखक्राफ्ट’ म्हणतात. आपण पात्र नर्सच म्हणू. रुग्णाला कोणती काळजी लागेल हे ठरवणं, तिची आखणी करणं आणि ती नीट होते का हे तपासणं, ही कामं २०२० च्या कायद्याने फक्त पात्र नर्सकडे राखून ठेवली आहेत. मदतनीस कितीही अनुभवी असला तरी ती त्याला करता येत नाहीत.

आपल्याला चकवणारी एक गोष्ट इथेच सांगतो. जर्मनीत बहुतेक नर्स पदवीधर नसतात. तीन वर्षं काम करता करता शिकायचं, आठवड्यांचे काही गट शाळेत आणि बाकीचे प्रत्यक्ष वॉर्डात, अशी ही व्यावसायिक शिक्षणाची पद्धत आहे. शिकताना फी भरायची नसते, उलट विद्यावेतन मिळतं. २०२० पर्यंत वृद्धांची नर्स, हॉस्पिटलची नर्स आणि मुलांची नर्स यांची प्रशिक्षणं वेगवेगळी होती, आणि वृद्धसेवेची नर्स पगारात मागे असायची. २०२० मध्ये तिन्ही प्रशिक्षणं एक झाली. आज शिकून बाहेर पडलेली नर्स वृद्धनिवास सोडून हॉस्पिटलात जाऊ शकते, त्यामुळे वृद्धनिवासांना तिला टिकवायचं तर पैसे मोजावे लागतात.

## जागा रिकाम्या का राहतात?

२०२३ च्या अखेरीस जर्मनीत जवळपास ५७ लाख लोक काळजीवर अवलंबून होते. त्यातले ८६ टक्के, म्हणजे सातातले सहा, आपापल्या घरीच राहतात. ‘तिकडे आईबापांना वृद्धाश्रमात टाकतात’ हे आपलं लाडकं वाक्य या आकड्यापुढे टिकत नाही. घरच्यांना रोख भत्ता मिळतो, शिवाय गाडी घेऊन घरोघरी फिरणाऱ्या नर्स येतात. सकाळी सहाला पहिलं घर, इन्सुलिन, अंघोळ, मोजे चढवणं, की पुढचं घर. या नोकरीला ड्रायव्हिंग लायसन्स लागतं, आणि भारतातलं लायसन्स तिथे राहायला गेल्यावर सहा महिनेच चालतं. त्यानंतर तिथली परीक्षा द्यावी लागते.

जर्मनीच्या सांख्यिकी कार्यालयाने जानेवारी २०२४ मध्ये मांडलेला अंदाज असा: २०१९ मध्ये नर्सिंगमध्ये १६ लाख २० हजार माणसं होती, २०४९ मध्ये २१ लाख ५० हजार लागतील. कमतरता किती पडेल? परिस्थिती सुधारत गेली तर २ लाख ८० हजार, नाही सुधारली तर ६ लाख ९० हजार. महायुद्धानंतरच्या पंचवीसेक वर्षांत जन्मलेली मोठी पिढी एकदम म्हातारी होते आहे, आणि त्याच पिढीतल्या नर्सही निवृत्त होताहेत. मागणी वाढते आहे आणि पुरवठा आटतो आहे, दोन्ही एकाच वेळी.

यंत्रमानव हे काम हिरावतील का, असं हमखास विचारलं जातं. नोंदी ठेवणं, गोळ्यांचे डबे भरणं, रात्री कोणी पलंगावरून उतरलं तर इशारा देणं, एवढं यंत्रं करतील आणि करतातही. पण ऐंशी किलोच्या आजोबांना न दुखवता कूस बदलून देणं आणि त्यांची चिडचिड ऐकून घेणं हे काम अजून कुठल्याच यंत्राला जमलेलं नाही. या भीतीपायी कोर्स सोडू नये, असं माझं मत आहे.

## पगाराचे पैसे येतात कुठून?

हे समजलं नाही तर पगार वाढेल की नाही, याचा अंदाजच येत नाही. जर्मनीत १९९५ पासून आरोग्य विम्याशेजारी काळजी-विमा आहे. प्रत्येक नोकरदाराच्या पगारातून तो कापला जातो. २०२५ पासून त्याचा दर ३.६ टक्के आहे, साधारण अर्धा मालक भरतो. मूल नसलेल्यांना थोडा जास्त, म्हणजे तरुण अविवाहित नर्सलाही.

काळजी किती लागते यावरून माणसाला एक ते पाच अशी श्रेणी मिळते आणि श्रेणीप्रमाणे विमा पैसे देतो. चौथ्या श्रेणीतल्या आजी वृद्धनिवासात असतील तर २०२५ पासून महिना १,८५५ युरो. हा विमा रेशनच्या धान्यासारखा आहे: ठरलेला कोटा मिळतो, बाकीचं बाजारभावाने आणायचं. हे बाकीचं म्हणजे २०२५ मध्ये निवासातल्या पहिल्या वर्षी सरासरी महिना ३,००० युरोच्या आसपास, आणि ते आजींच्या पेन्शनमधून, बचतीतून जातं. तेही संपलं तर सरकारी मदत.

आता नर्सचा पगार वाढवला तर तो बोजा कोणावर पडतो? विम्याचा कोटा आपोआप वाढत नाही, म्हणून बराचसा आजींवर. पगारवाढीच्या प्रत्येक बातमीमागून तिथे ‘वृद्धनिवास परवडत नाही’ अशी बातमी येते ती यामुळे. पगार वाढतच राहील असं सांगणारा माणूस ही दुसरी बातमी सांगत नाही.

खाली मात्र भक्कम जमीन आहे. काळजी क्षेत्रासाठी वेगळं किमान वेतन आहे, ते देशाच्या सर्वसाधारण किमान वेतनापेक्षा जास्त आहे. शिवाय सप्टेंबर २०२२ पासून नियम असा की जे वृद्धनिवास सामूहिक करारातल्या (कामगार संघटना आणि मालक यांनी मिळून ठरवलेल्या) पातळीचा पगार देत नाही, त्याच्याशी विमा कंपन्या करारच करणार नाहीत. विम्याचा करार गेला की धंदा गेला. त्यामुळे लहानशा गावातलं खासगी निवाससुद्धा एका मर्यादेखाली पगार पाडू शकत नाही.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली होती की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातही नर्सला किमान २०,००० रुपये मिळावेत आणि दोनशेहून जास्त खाटांच्या हॉस्पिटलांनी सरकारी नर्सइतका पगार द्यावा. ती पाळली नाही तर हॉस्पिटलचं काय बिघडतं? फारसं काही नाही. फरक पडतो तो इथे.

## कागदावरचा पगार आणि हातातला पगार

जुलै २०२५ मध्ये लागू झालेल्या दरांप्रमाणे काळजी क्षेत्राचं किमान वेतन तासाला असं: मदतनीस १६.१० युरो, प्रशिक्षित मदतनीस १७.३५ युरो, पात्र नर्स २०.५० युरो. आठवड्याचे ३९ तास धरले तर महिन्याचे १६९ होतात. म्हणजे मदतनीसाला सुमारे २,७२० युरो, पात्र नर्सला सुमारे ३,४६५. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला की जाहिरातीतले साडेतीन लाख सापडतात.

आता कात्री. एकट्या, मूल नसलेल्या माणसाच्या पगारातून निवृत्तिवेतन, आरोग्य, बेकारी आणि काळजी असे चार विमे मिळून एकविसेक टक्के कापले जातात आणि वर आयकर. पात्र नर्सच्या हातात २,३०० युरोच्या आसपास उरतात. मदतनीसाच्या हातात १,९०० च्या आसपास. कापलेलं सगळंच बुडीत नाही, हेही खरं. आरोग्य विमा म्हणजे दवाखान्याचं बिल आपण भरायचं नाही, आणि निवृत्तिवेतनाचा हक्क जमत जातो.

घरभाडं ही सगळ्यात मोठी खाई. श्टुटगार्ट किंवा म्युनिकमध्ये एका खोलीलाच पगाराचा चौथा-तिसरा हिस्सा जातो, लहान गावात खूप कमी. बऱ्याच निवासांकडे सुरुवातीला स्टाफची खोली असते. ती किती महिने आणि किती भाड्याने, हे आधी विचारून घ्यावं. देशभरच्या बस आणि लोकल रेल्वेचा महिन्याचा पास २०२६ पासून ६३ युरोला आहे. घरचं रांधून खाणारी, दोघी-तिघींत घर घेणारी मुलगी महिना सहा-सातशे युरो बाजूला टाकू शकते. साडेतीन लाख घरी पाठवू शकत नाही.

हा तळ झाला. वृद्धसेवेतल्या पूर्णवेळ पात्र नर्सचा मधला पगार (निम्म्यांना याहून जास्त, निम्म्यांना कमी) आता, भत्ते धरून, कापण्याआधी ४,००० युरोच्या आसपास आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी तो अडीच हजारांच्या घरात होता. रात्रपाळी, रविवार आणि सणाच्या ड्युटीचे भत्ते ठरावीक मर्यादेपर्यंत करमुक्त असतात, म्हणून रविवारच्या ड्युटीचे पैसे जवळजवळ पूर्ण हातात येतात. पाच दिवसांचा आठवडा असेल तर वर्षाला किमान २९ दिवस भरपगारी रजा हा काळजी क्षेत्राचा नियम आहे. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी फोन करून बोलावणं तिथेही चालतं. माणसंच कमी, त्याला इलाज नाही. पण नाही म्हणता येतं.

## जीएनएम झालेली मुलगी थेट पात्र नर्स का होत नाही?

जाहिरातीत नसलेला भाग तो हाच. नर्सिंग हा जर्मनीत परवान्याचा व्यवसाय आहे, म्हणून परदेशी नर्सच्या शिक्षणाला आधी मान्यता मिळवावी लागते. मान्यता देणारं कार्यालय राज्याराज्यात वेगळं. बाडेन-वुर्टेमबर्गसाठी ते श्टुटगार्टला आहे. ते तुमचे विषय आणि तास तिथल्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहतं आणि काय कमी आहे याचं पत्र देतं. आपल्याकडच्या जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी (पदवी) नर्सला बहुधा काहीतरी कमी निघतंच, वृद्धांच्या काळजीचे तास विशेषतः.

ते भरून काढायला दोन वाटा आहेत: तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा, किंवा काही महिन्यांचा पूरक कोर्स. दोन्ही जर्मनीत पोचल्यावर. या काळात नर्स वॉर्डात असते, पण मदतनीस म्हणून. पगारही मदतनीसाचा. म्हणजे पहिले सहा महिने ते दीड वर्ष हातात २,३०० नाही, १,९०० पडतात. कागद अडकले किंवा परीक्षा पुन्हा द्यावी लागली तर जास्त काळ. कर्ज काढून गेलेल्या मुलीसाठी महिन्याला चारशे युरोचा हा फरक म्हणजे हप्ता भरला जाणं किंवा थकणं.

जाण्याआधी इथे करता येण्याजोगं काम म्हणजे कागद. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू ठेवणं, शाळेकडून विषयवार तासांचा तपशील मिळवणं, अनुभवाच्या पत्रात नुसतं ‘स्टाफ नर्स’ न लिहिता वॉर्ड आणि कामं लिहून घेणं. वृद्ध रुग्णांबरोबर काम केलं असेल तर ते नमूद झालंच पाहिजे. त्यातून कमी पडलेले तास काही वेळा भरून निघतात.

## भाषेचं इतकं काय?

पात्र नर्स म्हणून मान्यतेला साधारणपणे जर्मनची बी-टू पातळी लागते. भाषेच्या सहा पातळ्यांतली ती चौथी. शून्यापासून तिथे पोचायला नोकरी सोडून पूर्णवेळ शिकलं तरी वर्षभर, ड्युटी सांभाळून शिकलं तर दीड-दोन वर्षं सहज जातात. ‘तीन महिन्यांत बी-टू’ म्हणणाऱ्या क्लासच्या पुढे जायचं, थांबायचं नाही.

हॉस्पिटलात मोडक्यातोडक्या भाषेवर काही काळ निभतं, कारण मॉनिटर बोलतो, रिपोर्ट बोलतात. वृद्धनिवासात नाही निभत. तिथे काम म्हणजेच बऱ्याच अंशी बोलणं. जर्मनीत सुमारे १८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. अशा आजी शेवटी शेवटी लहानपणीच्या बोलीवर जातात, आणि बाडेन-वुर्टेमबर्गच्या मोठ्या भागात ती बोली आहे श्वेबिश. पुण्यात शिकलेल्या पुस्तकी जर्मनचा तिच्यापुढे पहिले काही महिने टिकाव लागत नाही. मालवणला नव्याने बदली होऊन आलेल्या विदर्भातल्या सिस्टरला विचारा, ती जास्त चांगलं सांगेल. सगळ्या नोंदीही जर्मनमध्येच लिहायच्या, आणि त्या तपासल्या जातात.

## ‘एवढं शिकून अंघोळी घालायच्या?’

हा आक्षेप घरून येतो आणि पुष्कळदा तिथे पोचलेल्या नर्सच्या तोंडूनही येतो. आपल्या हॉस्पिटलात स्पंजिंग, डायपर, भरवणं ही कामं मावशी, आयाबाई किंवा नातेवाईक करतात. सिस्टर इंजेक्शन देते, आयव्ही लावते, राउंडला डॉक्टरांबरोबर फिरते. जर्मनीत अंग पुसण्यापासून नखं कापण्यापर्यंत सगळं नर्सच्या कामात येतं, आणि शिरेत सुई टोचणं हे पुष्कळ ठिकाणी डॉक्टर करतो. आयसीयूत काम केलेल्या नर्सला हे हात बांधल्यासारखं वाटतं. तिची नाराजी रास्त आहे, आणि तिने वृद्धनिवासाऐवजी हॉस्पिटलसाठीच अर्ज करावा.

पण कामाला कमीपणा चिकटवण्याचा मुद्दा मला पटत नाही. अंघोळ घालतानाच पाठीवरची लाल चट्टा उठलेली जागा दिसते, बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, तिथेच थांबवता येतो. आजोबा कालपेक्षा आज एक पाय ओढताहेत, हे त्यांना उभं करतानाच कळतं. हे बघायला शिकलेली नजर लागते, म्हणून तर ती कामं पात्र नर्सच्या देखरेखीखाली ठेवली आहेत.

## तिथलं राजकारण फिरलं तर?

फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत स्थलांतराला विरोध करणारा एएफडी हा पक्ष २०.८ टक्के मतं घेऊन दुसरा आला. वर्णद्वेषाचे अनुभव येतात. कधी रुग्णच ‘तू नको, दुसरी पाठव’ म्हणतो. हे लपवण्यात अर्थ नाही. दुसरीकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचं जाहीर केलं. मान्यता मिळालेल्या कुशल कामगाराला तीन वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, जर्मनीतच प्रशिक्षण घेतलं असेल तर दोन वर्षांनी. मदतनीस म्हणून अडकून राहिलेल्याला ही सवलत नाही. पायरीचा प्रश्न इथेही आडवा येतोच.

## एजंटला पैसे द्यायचे का?

केरळने डिसेंबर २०२१ मध्ये जर्मनीच्या रोजगार संस्थेशी करार केला तो ‘ट्रिपल विन’ नावाच्या सरकारी योजनेखाली. तिच्यात भरतीचा खर्च मालक उचलतो. खासगी भरतीसाठीही जर्मन सरकारचा एक दर्जाशिक्का आहे, आणि त्याची मुख्य अट हीच की नर्सकडून भरतीचे पैसे घ्यायचे नाहीत. तेव्हा लाखांत ‘प्रोसेसिंग फी’ मागणाऱ्याला विचारा, मालक देत असताना तुम्ही माझ्याकडून कशाचे घेता? आपल्याकडे परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला परवाना लागतो. तो आहे का, हे ‘ई-मायग्रेट’ या सरकारी पोर्टलवर दिसतं.

करारातलं एक कलम दोनदा वाचावं: मध्येच नोकरी सोडली तर भाषेच्या क्लासचा आणि प्रवासाचा खर्च परत करण्याचं. किती रक्कम, किती वर्षांपर्यंत, आणि दर महिन्याला ती कमी होत जाते का? मान्यता मिळाल्याच्या महिन्यापासून पात्र नर्सचा पगार लागू होईल, हे वाक्य करारात शब्दशः असायला हवं. तोंडी आश्वासन तिथे कोणी ऐकत नाही.

## मग अमेरिका का नको?

अमेरिकेत वृद्धसेवेतली एक मोठी फळी म्हणजे वर्षभराचा कोर्स केलेली परवानाधारक व्यावसायिक नर्स. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये तिला एलव्हीएन म्हणतात. मे २०२४ मध्ये तिचा मधला वार्षिक पगार ६२,३४० डॉलर होता, म्हणजे जर्मनीपेक्षा बरा. पण परदेशी नर्ससाठी असलेली व्हिसाची सोपी वाट तिच्या वरच्या पायरीच्या नोंदणीकृत नर्ससाठी आहे. बाहेरून एलव्हीएन म्हणून जाणं जवळपास अशक्य.

## एएनएम किंवा नुसती बारावी झाली असेल तर?

एएनएमचा, म्हणजे सहायक नर्स-सुईणीचा, दोन वर्षांचा कोर्स गावपातळीवरच्या माता-बाल आरोग्यासाठी आखलेला आहे. त्यावर पात्र नर्सची मान्यता साधारणपणे मिळत नाही. अशा मुलींना आणि बारावी झालेल्यांना माझ्या मते दुसरी वाट बरी: भाषा शिकून जर्मनीतच तीन वर्षांचं प्रशिक्षण घ्यायचं. सार्वजनिक संस्थांत एप्रिल २०२५ च्या दराने पहिल्या वर्षाचं विद्यावेतन महिना १,४१५ युरोच्या आसपास होतं, आणि ते प्रशिक्षणाच्या दर वर्षाला वाढतं. सुरुवातीचा पैसा कमी, पण शेवटी मान्यतेची परीक्षा नाही, कमतरतेचं पत्र नाही. घरून थोडा आधार असेल तर सव्विशीच्या आतल्या मुलीने मदतनीसाच्या १,९०० युरोंपेक्षा हे निवडावं.

वय तिशीपुढे असेल, पाठीमागे मुलं असतील, तर तीन वर्षांचं विद्यावेतन परवडणार नाही. त्यांच्यासाठी प्रशिक्षित मदतनीसाचा कोर्स आहे. आजवर तो प्रत्येक राज्यात वेगळा होता. नव्या कायद्याने २०२७ पासून देशभर एकसारखा, साधारण १८ महिन्यांचा होणार आहे, आणि त्यावरून पुढे पात्र नर्सच्या प्रशिक्षणात कमी कालावधीत जाता येईल. वृद्धनिवासात किती माणसं हवीत याचे जुलै २०२३ पासूनचे नवे निकषही याच मधल्या पायरीवरची माणसं वाढवायला सांगतात.